जीएमआरएस रिपीटर कसा वापरावा: परवान्यापासून पहिल्या संभाषणापर्यंत

अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या वॉकी-टॉकीच्या खोक्यावर पस्तीस मैलांचा पल्ला छापलेला असतो आणि प्रत्यक्षात वस्तीत एक मैल गाठतानाही आवाज खरखरीत बुडतो. ही फसगत टाळून खरोखरच वीस-तीस मैल बोलण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे आणि तो रिपीटरमधून, म्हणजे उंचावर बसवलेल्या आणि ऐकलेले बोलणे लगेच पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रामधून, जातो. जीएमआरएस, म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस, ही तिथल्या कुटुंबांसाठीची रेडिओ सेवा असून तिच्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. हॅम रेडिओचा, म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळणाऱ्या हौशी रेडिओचा, अभ्यास करायला ज्यांना सवड नाही, पण डोंगरात, रानात किंवा वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडलेल्या वादळी रात्री घरच्यांशी संपर्क ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी ती मला सर्वांत योग्य वाटते.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि रिपीटर कधीच न वापरलेल्या मराठी वाचकांसाठी लिहिला आहे. नवखी माणसे बहुधा तीन ठिकाणी अडतात: रिपीटरची सोय नसलेला रेडिओ विकत घेतात, टोन, म्हणजे रिपीटरला जागे करणारा ठरावीक सूर, चुकवतात, किंवा मालकाला न विचारता बोलायला लागतात. या तीनही ठिकाणी थोडे थांबून पुढे जाऊ.

१. पल्ला कशावर ठरतो, ते आधी समजून घ्या

जीएमआरएसच्या लहरी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर, इमारत किंवा पृथ्वीची गोलाई आड आली की त्या अडतात. रेडिओचे क्षितिज किती लांब आहे हे काढण्याचा ठोकताळा सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. तोंडाजवळ धरलेला रेडिओ जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतो, म्हणजे त्याचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर. दोन माणसे अगदी सपाट मोकळ्या मैदानात उभी असली तरी त्यांच्यातील अंतर १० किलोमीटरच्या, म्हणजे सुमारे ६ मैलांच्या, पुढे फारसे जाऊ शकत नाही. झाडे, घरे आणि चढउतार त्यातलेही बरेचसे खाऊन टाकतात.

आता आसपासच्या भूभागापेक्षा १०० मीटर उंच असलेल्या अँटेनाचा हिशेब करा. तिचे क्षितिज ४१ किलोमीटर, त्यात तुमचे ५ मिळवले की ४६ किलोमीटर, म्हणजे सुमारे २८ मैल. तुम्ही त्या अँटेनाच्या एका बाजूला आणि तुमची पत्नी दुसऱ्या बाजूला असेल, तर दोघांमधले अंतर याच्याही दुपटीच्या आसपास जाऊ शकते. वॅट वाढवून हे साधत नाही. ५ वॅटचा रेडिओ टाकून ५० वॅटचा घेतला तर संदेश अधिक ठळक होतो, झाडीतून थोडा जास्त आरपार जातो, पण क्षितिज तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी उंचीचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. आणि उंची बहुतेकांकडे स्वतःची नसते, ती रिपीटरच्या मालकाकडून उसनी घ्यावी लागते.

रिपीटर हे काम कसे करतो? तो ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तुमचे बोलणे ऐकतो आणि त्याच क्षणी ते ४६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जास्त शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. दोन्ही वारंवारतांमध्ये नेहमी बरोबर ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकणे आणि बोलणे शक्य व्हावे म्हणून त्यात डुप्लेक्सर नावाचे गाळणीसारखे उपकरण असते. ते नसेल तर रिपीटरचा स्वतःचाच प्रक्षेपक त्याच्या ऐकणाऱ्या भागाला बहिरा करून टाकील.

२. परवाना काढा

परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, देते. शुल्क ३५ डॉलर आहे. एप्रिल २०२२ पूर्वी ते ७० डॉलर होते, त्यामुळे जुन्या लेखांत वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका. परवाना १० वर्षे चालतो. अर्जदार १८ वर्षे पूर्ण केलेला असावा आणि परदेशी सरकारचा प्रतिनिधी नसावा. अमेरिकेचे नागरिकत्व ही अट नाही, हे व्हिसावर राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

हाताशी ठेवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: सोशल सिक्युरिटी क्रमांक, चालू ईमेल, टपालाचा पत्ता आणि पैसे भरण्यासाठी कार्ड किंवा बँक खाते.

आधी एफसीसीच्या कोअर्स या प्रणालीत खाते उघडून एफआरएन हा दहा अंकी नोंदणी क्रमांक घ्या. मग यूएलएस या परवाना प्रणालीत त्या क्रमांकाने प्रवेश करून नव्या परवान्याचा पर्याय निवडा. सेवांच्या लांबलचक यादीत जीएमआरएस झेडए या संकेताने दिलेले असते आणि ते यादीच्या अगदी तळाकडे असल्यामुळे पुष्कळ जणांना सापडत नाही. अर्ज भरल्यावर शुल्क १० दिवसांच्या आत भरले नाही तर अर्ज बाद होतो. म्हणून अर्ज आणि शुल्क एकाच बैठकीत उरकलेले बरे.

एक इशारा इथेच देतो. परवानाधारकाचे नाव आणि टपालाचा पत्ता एफसीसीच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येतो. घरचा पत्ता उघड होऊ नये असे वाटत असेल तर पोस्टातली पेटी आधी घ्या आणि तोच पत्ता अर्जात द्या.

मंजुरीनंतर तुम्हाला कॉल साइन, म्हणजे रेडिओवर ओळख म्हणून सांगायची खूण, मिळते. तिच्यात सहसा चार इंग्रजी अक्षरे आणि पुढे तीन अंक असतात. ती नोंदवहीत दिसेपर्यंत प्रक्षेपणाचे बटण दाबू नका. एक परवाना संपूर्ण कुटुंबाला चालतो आणि नियमातील कुटुंबाची व्याख्या आपल्या एकत्र कुटुंबाला शोभेल अशी मोठी आहे: पती किंवा पत्नी, मुले, आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी, पुतणे, भाचे आणि सासरची मंडळी, सगळे त्यात येतात. मुलांना वयाची अट नाही. मात्र मित्र आणि शेजारी यांना तुमचा परवाना लागू होत नाही. मंडळे आणि कंपन्या यांना नवा परवाना मिळत नाही; तेव्हा मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंसेवकांनी रिपीटर वापरायचा असेल तर प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा परवाना हवा.

३. रेडिओ निवडताना काय पाहाल

परवाना न लागणारी एफआरएस, म्हणजे फॅमिली रेडिओ सर्व्हिस, ही सेवा आणि जीएमआरएस यांचे १ ते २२ हे चॅनेल सामाईक आहेत. फरक असा, की एफआरएसच्या रेडिओला जास्तीत जास्त २ वॅट शक्ती असते, त्याची अँटेना काढता येत नाही आणि त्याला रिपीटर वापरण्याची परवानगीच नाही. रिपीटर जिथून ऐकतो त्या ४६७.५५० ते ४६७.७२५ मेगाहर्ट्झमधल्या आठ वारंवारता फक्त जीएमआरएसकडे आहेत.

तरीही घरात एफआरएसचा जुना संच असेल तर तो टाकून देऊ नका. तो २२ चॅनेलचा असेल तर रिपीटर ज्यावर बोलतात ते १५ ते २२ चॅनेल त्यावर ऐकू येतात. नवा रेडिओ घेण्याआधी काही संध्याकाळी त्या चॅनेलवर, इतरांचे बोलणे गाळणारे सगळे प्रायव्हसी कोड बंद ठेवून, नुसते ऐकत राहा. तुमच्या भागात रिपीटर आहे का, कोण बोलते, कशा रीतीने बोलते, हे पैसा न घालता कळते.

जीएमआरएस असे नाव छापलेले सगळेच रेडिओ रिपीटर वापरू शकत नाहीत आणि सर्वांत जास्त फसगत इथे होते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या वेष्टनात जोडीने विकले जाणारे बरेच संच फक्त २२ चॅनेलचे असतात. त्यांना ऐकणे आणि बोलणे वेगवेगळ्या वारंवारतांवर जमत नाही. माहितीपत्रकात रिपीटरची सोय असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. काही रेडिओंत रिपीटरचे चॅनेल २३ ते ३० असे दाखवतात, तर काहींत १५ ते २२ या चॅनेलनाच रिपीटर अशी वेगळी खूण असते.

दुसरा सापळा स्वस्त हॅम रेडिओंचा आहे. ते तांत्रिकदृष्ट्या या वारंवारतांवर बोलू शकतात, पण जीएमआरएससाठी रेडिओला एफसीसीच्या नियमांच्या भाग ९५ मधील ई या उपभागाचे प्रमाणपत्र लागते. रेडिओची बॅटरी काढलीत तर आत एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावरचा एफसीसी आयडी एफसीसीच्या संकेतस्थळावर शोधला की त्या उपकरणाला कोणत्या भागाखाली मान्यता आहे ते दिसते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा या पट्टीवर विश्वास ठेवा.

सुरुवातीला काढता येणारी अँटेना असलेला ५ वॅटचा हातातला संच पुरेसा आहे. गाडीत सतत प्रवास होत असेल तर १५ ते ५० वॅटचा गाडीचा संच आणि छपरावर चुंबकाने बसणारी अँटेना घ्या. गाडीच्या पत्र्याच्या आत बसून हातातल्या संचावर बोलणे म्हणजे निम्मा पल्ला पत्र्यालाच देऊन टाकणे आहे.

४. रिपीटर शोधा आणि मालकाची परवानगी घ्या

जीएमआरएसचे रिपीटर सरकार चालवत नाही. कोणीतरी आपल्या खिशातून पैसे घालून, टॉवरवर जागा मिळवून, थंडीवाऱ्यात दुरुस्ती करून ते चालवतो. मालकाला कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार आहे. मायजीएमआरएस हे संकेतस्थळ रिपीटरांची सर्वांत उपयुक्त यादी देते. रिपीटरबुक या संकेतस्थळावरही काही नोंदी मिळतात.

नोंदीत रिपीटर खुला आहे की परवानगीने वापरायचा आहे हे लिहिलेले असते. परवानगी लागत असेल तर तिथूनच विनंती पाठवा: आपले नाव, कॉल साइन, साधारण कुठे राहता आणि कशासाठी वापरणार हे दोन-तीन वाक्यांत लिहा. खुला असेल तरीसुद्धा दोन ओळींचे आभारपत्र पाठवावे असे मी सुचवीन, कारण पुढे अडचण आली की मदत करणारा माणूस तोच असतो.

नोंदीतून पाच गोष्टी उतरवून घ्या: रिपीटरची बोलण्याची वारंवारता, त्याची ऐकण्याची वारंवारता, ऐकण्याचा टोन, बोलण्याचा टोन आणि बँडविड्थ, म्हणजे चॅनेलची रुंदी. लोक बोलताना रिपीटरचा उल्लेख वारंवारतेच्या शेवटच्या तीन अंकांनी करतात. कोणी 'सिक्स सेव्हन फाइव्ह' म्हणाले तर ते ४६२.६७५ मेगाहर्ट्झविषयी, म्हणजे चॅनेल २० विषयी, बोलत आहेत.

कॅनडाच्या सीमेजवळ राहणाऱ्यांसाठी एक विशेष अट आहे. लाइन ए नावाच्या रेषेच्या उत्तरेला चॅनेल १९ आणि २१ वर, म्हणजे ४६२.६५० आणि ४६२.७०० मेगाहर्ट्झवर आणि त्यांच्या ४६७ मधल्या जोड्यांवर, प्रक्षेपण करता येत नाही. सिॲटल, डेट्रॉइट आणि बफेलो ही शहरे या पट्ट्यात येतात.

५. रेडिओत रिपीटर भरा

सर्वाधिक वेळ याच पायरीत जातो, म्हणून ती सविस्तर सांगतो. समजा, रिपीटर ४६२.६७५ वर बोलतो, ४६७.६७५ वर ऐकतो आणि दोन्हीकडे १४१.३ हर्ट्झचा टोन आहे.

ग्रहणाची, म्हणजे ऐकण्याची, वारंवारता ४६२.६७५ ठेवा. प्रक्षेपणासाठी ऑफसेट, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतांमधला फरक, अधिक ५.००० मेगाहर्ट्झ द्या. रेडिओत तयार रिपीटर चॅनेल असतील तर हे आधीच भरलेले असते. ऑफसेट उणे पडला तर रेडिओ ४५७ मेगाहर्ट्झवर बोलू पाहील, जिथे बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही. म्हणून अधिक चिन्ह दोनदा तपासा.

आता टोन. सीटीसीएसएस टोन हा तुमच्या आवाजाखाली सतत चालू असलेला, कानाला सहसा न जाणवणारा एक मंद सूर असतो. तो बरोबर असला तरच रिपीटर दार उघडतो; चुकला तर तुमचा संदेश कितीही जोरदार असला तरी रिपीटर ढिम्म हलत नाही. रिपीटरचा ऐकण्याचा टोन हा तुमच्या रेडिओचा प्रक्षेपणाचा टोन असतो, ही अदलाबदल मनात पक्की करा. दोन्ही टोन वेगळे असलेले रिपीटरही असतात आणि तिथे नेमके उलटे भरले जाते.

सुरुवातीला ग्रहणाचा टोन पूर्ण बंद ठेवा, असा माझा आग्रह आहे. तो चुकीचा भरलेला असेल तर रिपीटर व्यवस्थित उत्तर देत असतानाही तुमचा रेडिओ गप्प राहतो आणि दोष नक्की कोठे आहे तेच समजत नाही. सगळे सुरळीत चालले की मग तो भरावा.

घरगुती संचांत हर्ट्झचा आकडा न देता प्रायव्हसी कोड १, २, ३ असे क्रमांक असतात. पुष्कळ संचांत १४१.३ हर्ट्झ हा कोड २२ असतो, पण सगळ्या बनावटींची यादी सारखी नसते. आपल्या पुस्तिकेतला तक्ता उघडून हर्ट्झचा आकडा जुळवा. नावात प्रायव्हसी असली तरी या कोडमुळे बोलणे गुप्त राहत नाही. कोड न लावलेला कोणताही रेडिओ ते ऐकू शकतो, तेव्हा घराची चावी कोठे ठेवली आहे असली माहिती रिपीटरवर सांगू नका.

टोनऐवजी डीसीएस हा अंकी कोड दिलेला असेल तर तीन अंकांबरोबर पुढचे अक्षरही पाहा. ०२३ एन आणि ०२३ आय हे दोन वेगळे कोड आहेत. आय म्हणजे उलटवलेला.

काही रेडिओंत टोन शोधण्याची सोय असते. तिने सापडतो तो रिपीटर बोलताना सोडत असलेला टोन. ऐकण्यासाठी तो निराळाच टोन मागत असू शकतो. शिवाय टोन सापडला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

बँडविड्थ बहुतेक रिपीटरवर वाइड असते. तुमचा रेडिओ नॅरोवर राहिला तर समोरच्याला तुमचा आवाज दबका, लांबून आल्यासारखा वाटतो. उलट नॅरो रिपीटरवर वाइड ठेवले तर आवाज फाटतो. चॅनेलची शक्ती हाय ठेवा.

याच बैठकीत चार गोष्टी बंद करा: आवाजाने आपोआप चालू होणारा व्हॉक्स, बटण सोडताच वाजणारा रॉजर बीप, आवाज विस्कळीत करणारा स्क्रॅम्बलर आणि चॅनेल व्यग्र असताना बोलू न देणारे बिझी लॉक. शेवटच्यामुळे रिपीटर उत्तरानंतर दोन सेकंद वाहक लहर सोडत असताना तुमचा रेडिओ बोलायलाच नकार देतो आणि बिघाड झाल्यासारखे वाटते. टाइम-आउटची, म्हणजे एका दमात सलग बोलण्याची, मर्यादा दोन-तीन मिनिटांवर आणा. पुष्कळ रिपीटरही लांबलेले बोलणे मध्येच तोडतात.

संगणकाने प्रोग्रॅमिंग करणार असाल तर केबल आणि चर्पसारखा प्रोग्रॅम लागतो. पहिले काम रेडिओतली मूळ माहिती वाचून ती वेगळ्या फाइलमध्ये जतन करणे. नंतर काही बिघडले तर परत येण्याचा तोच एक रस्ता उरतो.

६. पहिली चाचणी

घराबाहेर, शक्यतो रिपीटरच्या दिशेने मोकळी असलेल्या जागी उभे राहा. आधी काही मिनिटे ऐका. कोणी बोलत नसेल तर बटण दाबा, एक सेकंद थांबा आणि मगच तोंड उघडा. टोन ओळखून जागे व्हायला रिपीटरला तेवढा वेळ लागतो. घाई केली की पहिला शब्द कापला जातो आणि तो शब्द बहुधा तुमची कॉल साइनच असते. कॉल साइन सांगा, 'रेडिओ चेक' म्हणा आणि बटण सोडा.

बटण सोडल्यावर लगेच कान द्या. रिपीटरने तुम्हाला ऐकले असेल तर एक-दोन सेकंद स्वच्छ शांतता येते, कधी बारीकशी शीळ वाजते आणि शेवटी खट असा आवाज होऊन चॅनेल बंद होतो. याला शेपूट म्हणतात. कोणी उत्तर दिले नाही तरी शेपूट ऐकू आले म्हणजे तुम्ही पोहोचलात. नुसते बटण दाबून, काही न बोलता शेपूट ऐकण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. ओळख न देता केलेले ते प्रक्षेपण ठरते आणि ऐकणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो.

घरात दोन संच असतील तर ते एकाच टेबलावर ठेवून चाचणी करू नका. एक बोलू लागला की त्याच्या जोरदार संदेशाने शेजारचा बहिरा होतो, त्याला रिपीटरचे उत्तर ऐकू येत नाही आणि माणूस उगाच रिपीटरला दोष देतो. दुसरा संच घरच्या कोणाकडे तरी देऊन त्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला किंवा कोपऱ्यापलीकडे पाठवा.

७. पोहोचत नसेल तर

तुम्हाला रिपीटर ठळक ऐकू येतो पण तो तुम्हाला दाद देत नाही, हे सर्वांत नेहमीचे लक्षण. कारणे याच क्रमाने तपासा: प्रक्षेपणाचा टोन, ऑफसेट, मग शक्ती. टॉवरवरचा ५० वॅटचा प्रक्षेपक तुमच्यापर्यंत पोहोचतो, पण तुमचे ५ वॅट त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, असेही होते. जागा बदलल्यावर ते कळते.

आणि जागा बदलणे म्हणजे लांब जाणे नव्हे. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ६५ सेंटिमीटर आहे. भिंतींवरून आणि गाड्यांवरून परतलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना नाहीशा करतात आणि फूटभर बाजूला सरकताच आवाज मोकळा होतो. चाचणीच्या वेळी एकेक पाऊल डावी-उजवीकडे सरकून पाहाच. अँटेना उभी धरा, आडवी नको. रेडिओ कमरेच्या पट्ट्याला अडकवून तारेने जोडलेल्या वेगळ्या माइकने बोललात तर तुमचे शरीरच लहरींच्या आड येते. घरात असाल तर वरच्या मजल्यावरची, रिपीटरच्या बाजूची खिडकी गाठा.

बाहेर अँटेना लावणाऱ्यांनी केबलकडे दुर्लक्ष करू नये. १०० फूट बारीक आरजी-५८ केबल या वारंवारतेवर साधारण १० डेसिबल खाते, म्हणजे ५० वॅटमधले जेमतेम ५ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात. तेवढ्याच लांबीची एलएमआर-४०० केबल तीन डेसिबलपेक्षा कमी खाते. रेडिओवर दुप्पट पैसे घालण्याऐवजी ते चांगल्या केबलवर घालावेत.

८. बोलण्याचे नियम

संभाषणाच्या शेवटी कॉल साइन सांगायची आणि संभाषण लांबले तर निदान दर १५ मिनिटांनी एकदा. मराठीत बोलायला बंदी नाही. आपण घरच्यांशी मनमोकळेपणे मराठीत बोलू शकतो. कॉल साइन मात्र इंग्रजीतच किंवा मॉर्स संकेतांत द्यावी लागते, असा स्पष्ट नियम आहे. रिपीटरवर इतरही ऐकत असतात, म्हणून बोलणे थोडक्यात ठेवावे, दोन बोलण्यांमध्ये दोन सेकंदांची जागा सोडावी आणि कोणी मध्ये आला तर त्याला आधी बोलू द्यावे. संकटात सापडलेल्याचा हक्क सर्वांत पहिला.

सांकेतिक भाषेतले किंवा छुपा अर्थ असलेले संदेश, संगीत, जाहिरात, राजकीय उमेदवाराचा प्रचार आणि अश्लील बोलणे निषिद्ध आहे. हॅम रेडिओच्या केंद्रांशी जीएमआरएसवरून बोलता येत नाही, तुमच्याकडे दोन्ही परवाने असले तरीही.

९. स्वतःचा रिपीटर उभारावा का?

पहिल्या वर्षी उभारू नये, असे माझे मत आहे. जीएमआरएस रिपीटरला जास्तीत जास्त ५० वॅटची मुभा आहे आणि वेगळा परवाना लागत नाही, हे खरे. पण दोन रेडिओ, सुरात लावलेला डुप्लेक्सर, उत्तम केबल, विजेपासून संरक्षण आणि अर्थिंग हे सगळे जमवूनही अँटेना घराच्या छपरावरच राहिली, तर पल्ला फार वाढत नाही. उंच जागा मिळत असेल तरच हे काम हाती घ्या. तेव्हाही आधी आठही वारंवारतांवर बरेच दिवस ऐकून कोणती रिकामी आहे ते पाहा, कारण या आठ जोड्या सगळ्यांच्या सामाईक आहेत आणि कोणाची खास मालकी चालत नाही.

१०. घरच्यांसाठी पर्यायी योजना लिहून ठेवा

वादळात टॉवरची वीज जाते, अँटेना कोसळते, रिपीटर बंद पडतो. त्या वेळी सरळ रेडिओ-ते-रेडिओ बोलण्यासाठी एक चॅनेल आधीच ठरलेला हवा. तो १ ते ७ मधला निवडा. तिथे जीएमआरएसला ५ वॅटपर्यंत शक्ती वापरता येते आणि १५ ते २२ वरच्या रिपीटरांची अडचण होत नाही. ८ ते १४ हे चॅनेल टाळा, कारण तिथे मर्यादा अर्ध्या वॅटची आहे.

एका पुठ्ठ्यावर रिपीटरचा चॅनेल, पर्यायी चॅनेल, कोणत्या वेळी कोण हाक मारणार आणि कुटुंबाची कॉल साइन लिहून प्रत्येक संचाबरोबर ठेवा. आजी-आजोबा भेटीला आलेले असतील तर त्यांनाही बटण दाबून एक सेकंद थांबण्याची सवय करून द्या. तेही तुमच्याच परवान्यावर बोलू शकतात. भारतात जाताना मात्र हे रेडिओ सामानात घालू नका. एफसीसीचा परवाना तिथे चालत नाही आणि या वारंवारता तिथे सर्वसामान्यांसाठी खुल्या नाहीत.